स्पॅनिश सुबखुन्तीबो: ‘वाचते’ आणि ‘वाचावं’ यांतलं एका स्वराचं अंतर

दीसे के आना लेए.
दीसे के आना लेआ.

पहिल्या वाक्याचा अर्थ, ‘तो म्हणतो, आना वाचते.’ दुसऱ्याचा, ‘तो म्हणतो, आनाने वाचावं.’ पहिल्यात बातमी आहे, दुसऱ्यात सांगणं आहे. बदललं काय, तर शेवटचा ‘ए’ जाऊन ‘आ’ आला. या एका स्वराला घाबरून कितीतरी जण स्पॅनिश अर्ध्यावर सोडतात.

शाळेत क्रियापदाचे चार अर्थ पाठ केलेले आठवत असतील: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘ती वाचते’ हा स्वार्थ, ‘तिने वाचावं’ हा विध्यर्थ. स्पॅनिशमध्ये स्वार्थाला इन्दिकातीबो म्हणतात. सुबखुन्तीबो म्हणजे आपला विध्यर्थ, अधिक आज्ञार्थातला ‘भलं होवो’, ‘विजय असो’ हा आशीर्वादाचा भाग, अधिक थोडं असं काही जे मराठीत वेगळ्याच रूपांनी सांगितलं जातं. त्या थोड्याकडे नंतर येऊ. आपण स्पॅनिश बहुतेकदा इंग्रजी पुस्तकांतून शिकतो आणि तिथेच घोळ होतो, कारण इंग्रजीत ही रूपं जवळजवळ झिजून गेली आहेत. म्हणून ती पुस्तकं पानंच्या पानं ‘हा मूड (क्रियापदाचा अर्थ) म्हणजे काय’ हे समजावण्यात घालवतात. ‘यावं’, ‘बसावं’, ‘लाभो’ दिवसभर तोंडात असणाऱ्याला त्याची गरज नाही. थेट रूपांकडे वळलेलं बरं.

उच्चाराबद्दल आधी थोडं

इथे स्पॅनिश शब्द देवनागरीत, कानाला पडतील तसे दिले आहेत. रोमन लिपीत सुरुवातीला असणारा एच स्पॅनिशमध्ये मुका असतो, म्हणून ‘बोलणे’ हे क्रियापद आब्लार. व्ही आणि बी यांचा उच्चार एकच, म्हणून ‘राहणे, जगणे’ हे बिबिर. दोन एल शेजारी आले की साधारण ‘य’. जे चा उच्चार घशातून येणाऱ्या ‘ख’ च्या जवळचा. झेडला इथे ‘स’ लिहिलं आहे. लॅटिन अमेरिकेत तसंच म्हणतात, स्पेनच्या मोठ्या भागात तो ‘थ’ कडे झुकतो.

आणि एक गंमत: ‘तू’ ला स्पॅनिशमध्ये ‘तू’च म्हणतात.

पहिली पायरी: यो चं रूप घ्या

यो म्हणजे मी. क्रियापदाचं साध्या वर्तमानकाळातलं ‘मी’ चं रूप आधी तोंडाने म्हणायचं. मूळ क्रियापदावरून थेट उडी मारायची नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. कारण पुढे कळेल.

आब्लार (बोलणे): यो आब्लो
कोमेर (खाणे): यो कोमो
बिबिर (राहणे): यो बिबो

दुसरी पायरी: शेवटचा ओ काढा

उरलं आब्ल, कोम, बिब.

तिसरी पायरी: उलटा स्वर लावा

स्पॅनिश क्रियापदं तीन गटांत बसतात: शेवटी आर, एर किंवा इर. साध्या वर्तमानकाळात आर गटाचा ओळखीचा स्वर ‘आ’ (आब्ला, तो बोलतो), तर एर आणि इर गटांचा ‘ए’ (कोमे, तो खातो, बिबे, तो राहतो). सुबखुन्तीबोत ही मंडळी कपडे बदलतात. आर गट ‘ए’ घालतो, एर आणि इर गट ‘आ’ घालतात.

आब्लार:
यो आब्ले
तू आब्लेस
एल, एया, उस्तेद आब्ले (तो, ती, आपण)
नोसोत्रोस आब्लेमोस (आम्ही, आपण सगळे)
बोसोत्रोस आब्लेइस (तुम्ही लोक)
एयोस, उस्तेदेस आब्लेन (ते, आपण लोक)

कोमेर:
कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान

बिबिर:
बिबा, बिबास, बिबा, बिबामोस, बिबाइस, बिबान

कोमेर आणि बिबिर यांची शेपटं तंतोतंत सारखी आहेत. साध्या वर्तमानकाळात ती सारखी नसतात; तिथे ‘आम्ही खातो’ कोमेमोस आणि ‘आम्ही राहतो’ बिबिमोस, म्हणजे तीन गटांचे तीन साचे पाठ करावे लागतात. सुबखुन्तीबोत साचे दोनच. ज्याला सगळे अवघड म्हणतात ते रूपांच्या बाबतीत सोपं आहे, हे कुणी सुरुवातीलाच सांगत नाही.

बोसोत्रोस हे रूप स्पेनमध्ये चालतं. लॅटिन अमेरिकेत अनेकांशी बोलताना उस्तेदेस वापरतात. तुमचा संबंध मेक्सिको, कोलंबिया किंवा पेरूच्या लोकांशी येणार असेल तर ते रूप ओळखता आलं तरी भागतं, बोलताना लागणार नाही.

‘मी’ आणि ‘तो/ती/आपण’ यांची रूपं एकच आहेत, हे लक्षात आलं असेलच. एरवी स्पॅनिश माणूस यो, एल वगैरे सर्वनामं गाळून टाकतो, क्रियापदावरून कर्ता कळतोच. इथे कळत नाही. म्हणून संदर्भ पुरेसा नसेल तिथे सर्वनाम घाला: के यो आब्ले, के एया आब्ले.

यो पासूनच का निघायचं

तेनेर (जवळ असणे) घ्या. मूळ क्रियापदावरून गेलात तर ‘तेना’ असं काहीतरी तयार होईल, आणि ते चूक आहे. यो चं रूप तेंगो. ओ काढा, आ लावा: तेंगा, तेंगास, तेंगा, तेंगामोस, तेंगाइस, तेंगान. याच वाटेने आसेर (करणे) आगो, आगा. बेनिर (येणे) बेंगो, बेंगा. सालिर (बाहेर पडणे) साल्गो, साल्गा. कोनोसेर (ओळखणे) कोनोस्को, कोनोस्का. पुस्तकं यांना अनियमित म्हणतात. पण खोड काय ती यो च्या रूपातच असते, त्यापुढे सगळं नियमाने चालतं.

देसिर (सांगणे, म्हणणे) चं यो रूप दीगो, त्यावरून दीगा. स्पेनमध्ये फोन उचलल्यावर लोक ‘दीगा’ म्हणतात. आपण फोन उचलून ‘बोला’ म्हणतो, तेच.

हा नियम कुणाला लागू होत नाही, तेही याच नियमावरून ओळखता येतं. ज्यांचं यो रूप ओ ने संपतच नाही, त्यांचा ओ काढणार कुठून? अशी सहाच आहेत: सेर (यो सोइ) चं सेआ, एस्तार (एस्तोइ) चं एस्ते, इर (बोइ) चं बाया, दार (दोइ) चं दे, साबेर (से) चं सेपा, आबेर (ए) चं आया. ही सरळ पाठ करा. याखेरीज काही क्रियापदांचा मधला स्वर बदलतो, जसं पेन्सार (विचार करणे) चं प्येन्से, पण नोसोत्रोसला पेन्सेमोस. तो वेगळा धडा आहे, नियमित रूपं जिभेवर बसण्याआधी त्याला हात लावू नका.

स्पेलिंग: देवनागरीत नाहीसा होणारा प्रश्न

बुस्कार म्हणजे शोधणे. यो बुस्को. ओ काढला, ए लावला: बुस्के. देवनागरीत कुठे काही अडलं का? नाही. ‘क’ होता, ‘क’ राहिला.

माझ्या वहीत मात्र मी पहिल्यांदा हा शब्द रोमनमध्ये लिहिला तेव्हा सी तसाच ठेवून पुढे ई जोडून मोकळी झाले. शिकवणाऱ्यांनी वही हातात घेतली आणि मोठ्याने वाचलं: ‘बुसे’. वर्ग हसला. चूक अशी होती की सी हे अक्षर आ, ओ, उ यांच्या आधी ‘क’ वाचलं जातं, पण ए आणि इ यांच्या आधी ‘स’. ‘क’ वाचवायचा असेल तर सी च्या जागी क्यू आणि यू ही जोडी लिहावी लागते. म्हणजे स्पेलिंग बदलतं ते आवाज बदलू नये म्हणून. आपली लिपी आवाजच लिहिते, त्यामुळे तिला या खटाटोपात पडावं लागत नाही. म्हणूनच माझा सल्ला असा, की शंका आली की रूप आधी देवनागरीत लिहा, आणि मग तोच आवाज रोमनमध्ये कसा येईल ते पाहा.

पाहण्याच्या जागा थोड्याच आहेत, आणि जवळपास सगळ्या आर गटात. कारण ओ जाऊन ए येतो तो याच गटात.

‘कार’ ने संपणारी: सी च्या जागी क्यू-यू. बुस्के, तोके (तोकार, स्पर्श करणे किंवा वाजवणे), एक्स्प्लिके (एक्स्प्लिकार, समजावणे).

‘गार’ ने संपणारी: जी च्या पुढे यू जोडायचा, नाहीतर ‘ग’ चा ‘ख’ होतो. येगे (येगार, पोचणे), पागे (पागार, पैसे देणे). यातला यू उच्चारायचा नसतो.

झेड असलेली ‘सार’: झेड जाऊन सी. क्रुसे (क्रुसार, ओलांडणे). इथे आवाज वाचवायचा प्रश्न नाही. स्पॅनिशमध्ये ई च्या आधी सहसा झेड लिहीत नाहीत, एवढंच.

एर आणि इर गटांत हा त्रास वेगळा पाठ करावा लागत नाही. एस्कोखेर (निवडणे) मूळ रूपात जी ने लिहितात, पण यो एस्कोखो लिहितानाच तिथे जे आलेला असतो. तोच पुढे एस्कोखा मध्ये चालू राहतो. दिस्तिंगिर (वेगळं ओळखणे) मधला यू असाच यो दिस्तिंगो मध्ये गळून पडलेला असतो. यो पासून निघाल्याचा हा दुसरा फायदा.

एक किस्सेवजा जागा: लॅटिन अमेरिकेत कासार (लग्न लावणे) आणि झेडने लिहिलेलं कासार (शिकार करणे) यांचा उच्चार एकच. दोघांचं सुबखुन्तीबोही ऐकायला ‘कासे’च. लिहिताना पहिल्यात एस, दुसऱ्यात सी. पत्रिका छापायला देण्यापूर्वी तपासलेलं चांगलं.

जोर कुठे द्यायचा

इथे मराठी कान फसतो. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, स्पॅनिशमध्ये बदलतो. ‘आब्ले’ च्या पहिल्या ‘आ’ वर जोर दिला तर ‘(मी किंवा त्याने) बोलावं’. शेवटच्या ‘ए’ वर जोर दिला तर ‘मी बोललो’, म्हणजे चक्क भूतकाळ. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, रोमनमध्ये दुसऱ्याच्या ई वर तिरकी रेघ असते.

नियम सोपा आहे. यो, तू, एल आणि एयोस यांच्या रूपांत जोर शेपटाच्या आधीच्या अक्षरावर: आब् वर, को वर, बि वर. नोसोत्रोसमध्ये तो शेपटावर सरकतो: आब्-ले-मोस मध्ये ‘ले’ वर, को-मा-मोस मध्ये मधल्या ‘मा’ वर. बोसोत्रोसमध्येही शेपटावर, आणि वरच्या तीन क्रियापदांत तिरकी रेघ फक्त याच रूपावर पडते.

कुठे वापरायचं: जिथे मराठी मदत करते

साचा असा: एक वाक्य, मग ‘के’ (म्हणजे ‘की’), मग दुसरं वाक्य ज्याचा कर्ता वेगळा आहे. पहिल्या वाक्यात इच्छा, विनंती, सल्ला, गरज असेल तर दुसऱ्यात सुबखुन्तीबो.

क्येरो आब्लार. मला बोलायचं आहे.
क्येरो के आब्लेस. तू बोलावंस असं मला वाटतं.

दोन्हीकडे कर्ता ‘मी’च असेल तर स्पॅनिश मूळ क्रियापद ठेवते आणि मराठी ‘बोलायचं’ म्हणते. कर्ता बदलला की स्पॅनिश सुबखुन्तीबोकडे जाते आणि मराठी ‘बोलावंस’ कडे. सांधा एकाच ठिकाणी बदलतो.

एस इम्पोर्तान्ते के एस्तुद्येमोस. आपण अभ्यास करावा हे महत्त्वाचं आहे.
आब्रो ला प्वेर्ता पारा के एन्त्रेस. तू आत यावंस म्हणून मी दार उघडतो.

शुभेच्छांमध्ये तर पहिलं वाक्य गळूनच पडतं, उरतो तो ‘के’. झोपायला जाणाऱ्याला के देस्कान्सेस, ‘छान विश्रांती मिळो’. आजाऱ्याला के ते मेखोरेस, ‘लवकर बरं वाटो’. स्पेनमध्ये जेवायला बसलेल्याला के आप्रोबेचे, म्हणजे ‘अंगी लागो’. कधी ‘के’ ही जातो: १५ सप्टेंबरच्या रात्री मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून ‘बिबा मेहिको’ अशी घोषणा देतात, ते ‘बिबा’ म्हणजे वर दिलेलं बिबिरचं रूप. ‘विजय असो’ मधला ‘असो’ जे काम करतो, तेच.

ओखाला हा शब्द आला की पुढे नेहमी सुबखुन्तीबो. मूळ अरबीतलं, ‘देवाची इच्छा असेल तर’ या अर्थाचं. ओखाला येगेन ओइ: आज पोचोत म्हणजे झालं.

जिथे मराठी फसवते

आता ते ‘थोडं काही’. चार ठिकाणं आहेत आणि परीक्षेत गुण जातात ते इथेच. बी१ (मधल्या) पातळीची डेले, म्हणजे स्पॅनिश येण्याचं अधिकृत प्रमाणपत्र देणारी परीक्षा, देणाऱ्यांनी या भागावर दुप्पट वेळ घालवावा.

नकार आणि शंका. ‘तो इथे राहतो असं मला वाटतं’, क्रेओ के बिबे आकी. ‘तो इथे राहतो असं मला वाटत नाही’, नो क्रेओ के बिबा आकी. मराठीत ‘राहतो’ ला धक्काही लागला नाही, स्पॅनिशमध्ये बिबे चं बिबा झालं. बोलणारा ज्या गोष्टीची हमी घेत नाही, तिला स्पॅनिश स्वार्थात बसवत नाही.

‘जेव्हा’. क्वान्दो येगेस, यामामे: ‘पोचलास की फोन कर.’ मराठीत ‘पोचलास’ हा दिसायला भूतकाळ, किंवा ‘पोचशील तेव्हा’ हा भविष्यकाळ. स्पॅनिशमध्ये अजून न घडलेल्या गोष्टीसाठी क्वान्दो पुढे सुबखुन्तीबो. रोजची सवय सांगत असाल तर मात्र साधा वर्तमानकाळ: क्वान्दो येगास, म्हणजे ‘तू जेव्हा पोचतोस तेव्हा’.

भावना. मे आलेग्रा के बिबास सेर्का: ‘तू जवळ राहतोस याचा आनंद आहे.’ तू राहतोस हे तर नक्की आहे, मग सुबखुन्तीबो का? माझ्या मते हे सगळ्यात न पटणारं आहे. मी स्वतःला असं समजावते: वाक्य तू कुठे राहतोस ही बातमी द्यायला आलेलं नाही, ती आधीच ठाऊक आहे, आलेलं आहे ते मनातलं सांगायला.

अनोळखी माणूस. तेंगो उना आमीगा के आब्ला फ्रान्सेस: फ्रेंच बोलणारी माझी एक मैत्रीण आहे. बुस्को आ आल्ग्येन के आब्ले फ्रान्सेस: फ्रेंच बोलेल असं कुणीतरी मी शोधतेय. मैत्रीण समोर आहे, ‘कुणीतरी’ अजून सापडायचं आहे. ‘बोलणारी’ आणि ‘बोलेल असं’ यांतला फरक तुम्ही मराठीत न शिकता करता; तो करताना स्वतःला पकडा.

आज्ञा करताना

घरी आलेल्या मोठ्या माणसाला आपण अदबीने ‘यावं, बसावं’ म्हणतो, ‘ये, बस’ नाही. स्पॅनिशमध्ये उस्तेदला सांगायचं ते सुबखुन्तीबोतच: पासे (पासार, आत येणे), कोमा, एस्क्रिबा. तू ला होकारार्थी सांगताना वेगळं रूप असतं, आब्ला, म्हणजे ‘बोल’. पण नकार आला की पुन्हा सुबखुन्तीबो: नो आब्लेस, ‘बोलू नकोस’. मराठीतही ‘बोल’ ला नुसता नकार जोडता येत नाही, रूप बदलावंच लागतं. आणि नोसोत्रोसचं आब्लेमोस एकटंच म्हटलं तर ‘बोलूया’.

सराव

तक्ते पुन्हा पुन्हा लिहून फारसं हाती लागत नाही. जोड्या मोठ्याने म्हणा, आधी बातमी, मग इच्छा: आब्ला, आब्ले, कोमे, कोमा, बिबे, बिबा, लेए, लेआ, एस्क्रिबे, एस्क्रिबा. रोज दोन नवी क्रियापदं घ्या, एक आर गटातलं आणि एक उरलेल्यांतलं. मग त्यांना क्येरो के, नो क्रेओ के आणि क्वान्दो अशा तीन खुंट्यांवर टांगा. साधारण पंधरवड्यात स्वर आपोआप उलटायला लागतो.

तो उलटू लागला आहे की नाही हे तपासायला क्रेआर (निर्माण करणे) आणि क्रेएर (विश्वास ठेवणे) ही जोडी घ्या. दोन्ही नियमित चालतात, आणि दोघांचंही यो रूप क्रेओ. ओ काढा, क्रे उरतं. आता क्रेआर आर गटातलं, त्याला ए लागतो: क्रेए, क्रेएस. क्रेएर एर गटातलं, त्याला आ: क्रेआ, क्रेआस. म्हणजे स्वर थेट अदलाबदल झाले. नुसतं ‘क्रेआस’ म्हटलं तर ‘तू निर्माण करतोस’, पण क्येरो के क्रेआस म्हटलं तर ‘तू विश्वास ठेवावास’. नुसतं ‘क्रेएस’ म्हणजे ‘तू विश्वास ठेवतोस’, आणि क्येरो के क्रेएस म्हणजे ‘तू निर्माण करावंस’. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापताना चूक झाली असणार असं धरून चाललेले.